१००० किमीची ब्रेव्हे ७१० किमीवर सोडली. कुठलं दुखणं सोसायचं आणि कुठल्या दुखण्याला थांबायचं?

नमस्कार मंडळी,

लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्या जाणत्यांकडून मदत हवी आहे. प्रश्न एका ओळीत मावणारा नाही, म्हणून घडलं ते सगळं सांगते.

मी ४१ वर्षांची. सहा वर्षं सायकल चालवते. २००, ३००, ४०० आणि ६०० किमीच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब राइड, वेळेत झाल्या. गेल्या मोसमात पहिल्यांदा १००० ला उतरले. मुदत ७५ तासांची. पहाटे सहाला सुटलो, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला, ४७ तास झालेले असताना, ७१० किमीवरच्या कंट्रोलला (वाटेतल्या नोंदणीच्या थांब्याला) मी राइड सोडली. तिथे पोहोचायच्या मुदतीच्या अडीच तास पुढे होते. उरलेल्या २९० किमीसाठी २८ तास हातात होते. पायांत ताकद होती. हेच मला आजही छळतं.

पहिला दिवस छान गेला. दोनशेनंतर मान आणि खांदे भरून आले. ते दर लांब राइडला येतात, मी त्याकडे बघत नाही. साडेतीनशेच्या पुढे सॅडलवर बसणं जड जायला लागलं. शॉर्ट्सची शिवण जिथे घासते तिथे सोलवटलं होतं, आणि प्रत्येक थांब्यानंतर परत बसताना पहिली पाच मिनिटं डोळ्यांत पाणी यायचं. मग ती जागा बधिर व्हायची आणि चालून जायचं. दुसऱ्या दुपारी उजव्या चवड्याखाली निखारा ठेवल्यासारखी आग होत होती. बूट सैल केला, बरं वाटलं. इथपर्यंतचं सगळं ‘लांब राइड म्हणजे हे असणारच’ म्हणून सोसलं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

हाताचं मात्र वेगळं झालं. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट चारशेच्या आसपास मुंग्या येऊन सुन्न झालं. हात झटकला की जाणीव परत यायची. पाचशेनंतर झटकूनही येईना. दुसऱ्या रात्री गिअर बदलायचा तर उजवी बोटं लिव्हर ढकलेनात, मी डावा हात आडवा नेऊन ती दाबत होते. खाण्याची पाकिटं दातांनी फाडत होते. ७१० च्या कंट्रोलला ब्रेव्हे कार्डावर सही करायला पेन घेतलं, तर ते अंगठा आणि तर्जनीच्या मधून गळून टेबलावर पडलं. उचललं, परत पडलं. टेबलापलीकडच्या माणसाने काही न बोलता पेन पुन्हा माझ्यासमोर ठेवलं. मी बाहेर येऊन सायकलीशेजारी जमिनीवर बसले, आणि दहा मिनिटांनी आत जाऊन सांगितलं की सोडते आहे.

झोपेचंही सांगायला हवं. दोन रात्रींत मिळून ४० मिनिटं झोपले होते, तीही बसल्या बसल्या. १८९१ सालच्या पहिल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतीची गोष्ट मी कितीदा वाचली असेन! शार्ल तेरों हा झोपलेल्या प्रतिस्पर्ध्याला मागे टाकून, स्वतः न झोपता, ७१ तास २२ मिनिटांत परत आला. मनात तेच होतं. तिसऱ्या पहाटे मात्र रस्त्याकडेची झाडं मला हात वर करून उभ्या माणसांसारखी दिसत होती, आणि काही कारण नसताना मी रडत होते.

नंतर पाच आठवडे बोटांत जाणीव नव्हती. डॉक्टरांनी मनगटापाशी करंगळीकडची अल्नर नस दाबली गेल्याचं सांगितलं. आता हात जवळजवळ पूर्ववत आहे. फक्त थंडीत करंगळी लवकर बधिरते.

बरोबरच्या एकाचं म्हणणं, मन घट्ट केलं असतंस तर झालं असतं, २८ तास होते. दुसरीचं म्हणणं, तू पाचशेलाच थांबायला हवं होतंस. दोघंही माझ्याहून अनुभवी आणि दोघंही माझं भलं चिंतणारी.

पाच महिन्यांनी १२०० आहे, मुदत ९० तास. मला जायचं आहे. पण ७१० ला जो निर्णय मी घेतला तो दुखण्याने घेतला, झोपेने घेतला की भीतीने, हे मला आजही सांगता येत नाही. रस्त्यावर असताना, डोकं धड चालत नसताना, हे दुखणं सोसण्याचं की थांबण्याचं, हे तुम्ही कसं ओळखता? आणि हाताचं हे पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलू? बाइक फिट (सायकल शरीराच्या मापाने जुळवून घेणं) तीन वर्षांपूर्वी केलं होतं, त्यानंतर नाही. कृपया अनुभवाचं सांगा. ‘हिंमत ठेव’ हे ऐकून झालं आहे.

प्रतिसाद १

तुमचा धागा दोनदा वाचला. माझ्या तीन १२०० झाल्या आहेत आणि दोन सोडल्या आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलतो.

आधी हात. बोटं सुन्न होणं लांब राइडला बऱ्याच जणांना होतं. पण पेन गळून पडणं हा सुन्नपणा नाही, तो स्नायूंचा अशक्तपणा आहे. ज्या हाताने पेन धरवत नाही त्या हाताने अंधारात उतारावर ब्रेक कसा दाबणार होतात? तुम्ही सोडलंत ते बरोबरच केलंत, आणि हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही. मी असतो तर त्याआधीच, गिअर दाबायला दुसरा हात लागला तिथेच थांबलो असतो.

आता ओळखायचं कसं. माझी पद्धत अशी की दुखण्याला आधी हलवून बघायचं. हातांची जागा बदला, दहा मिनिटं हलक्या गिअरवर पाय नुसते फिरू द्या, काहीतरी खा, पाणी प्या, आणि तरीही वाटलं तर वीस मिनिटं आडवं व्हा. थकव्याचं दुखणं यातल्या कशानेतरी हलतं. कमी होतं, जागा बदलतं, निदान त्याचा सूर बदलतो. खांदे, मान, मांड्या, तुमच्या तळपायाची आग हे सगळं या जातीचं. इजेचं दुखणं हलत नाही. ते एकाच बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी असतं आणि दर तासाला वाढत जातं. सगळ्यात मोठी खूण म्हणजे ते तुमची चाल बदलतं. एक गुडघा बाहेर फेकत पेडल मारायला लागलात, एका बाजूला कलून बसायला लागलात, की समजा. तसं बसून आणखी शंभर किलोमीटर गेलात तर दुसरी बाजूही जाते. माझी एक १२०० अशीच गेली. टाचेच्या वरची शीर दुखत होती, मी घोटा आखडून चालवत राहिलो आणि शेवटी दुसऱ्याच पायाचा गुडघा बसला.

रडण्याचंही तेच. पहाटे तीन ते पाच या वेळात शरीर सगळ्यात खाली असतं. त्या वेळी सोडण्याचा निर्णय घ्यायचा नाही, हा मी स्वतःला घातलेला नियम आहे. आधी खायचं, झोपायचं, उजाडू द्यायचं. पण हा नियम मनाच्या दुखण्याला आहे, हाताच्या नाही. झोपून उठलात तरी पेन पडलंच असतं. तुमच्या बाबतीत दोन्ही एकाच वेळी आलं, म्हणून कुणी निर्णय घेतला ते तुम्हाला कळत नाही. माझ्या मते तो हाताने घेतला.

तेरोंची गोष्ट मलाही आवडते. पण तो शर्यतीतला व्यावसायिक होता, त्याला पहिला यायचं होतं. आपल्याला ९० तास मिळतात ते वापरायला.

सॅडलवरच्या जखमेला तुम्ही एका परिच्छेदात उरकलंत, तिला तेवढं हलकं घेऊ नका. बधिर होऊन ‘चालून जातं’ हे चांगलं लक्षण नाही, तिथेही नस दाबली जात असते. मी सपाट रस्त्यावरही दर पंधरा मिनिटांनी अर्धा मिनिट उभा राहून चालवतो. झोपायच्या थांब्यावर आधी ओली शॉर्ट्स काढायची, जागा धुऊन पूर्ण कोरडी करायची, सुकू द्यायची, मग क्रीम आणि दुसरी शॉर्ट्स. कितीही झोप आली असली तरी हे आधी.

गुडघ्याचं तुम्ही लिहिलं नाहीत, तरी १२०० ला जाताय म्हणून सांगतो. पुढून दुखला तर बहुतेक वेळा सॅडल खाली किंवा फार पुढे आहे, नाहीतर जड गिअर ओढताय. मागून दुखला तर सॅडल उंच आहे. निघायच्या आधी सीटपोस्टवर (सॅडलखालच्या दांड्यावर) टेपची खूण करून ठेवा, म्हणजे वाटेत दोन-तीन मिलिमीटर हलवलं तरी मूळ जागा सापडते.

मन घट्ट करण्याबद्दल एकच. व्यायामशास्त्राचे संशोधक सॅम्युएले मार्कोरा यांचा २००९ मधला एक प्रयोग आहे. काही जणांना आधी दीड तास डोक्याला ताण देणारं काम दिलं आणि मग दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. ते एरवीपेक्षा लवकर थांबले. हृदय, स्नायू यांच्यात तसा फरक दिसला नाही, श्रम मात्र जास्त जाणवत होते. म्हणून मी रस्त्यावर ठरवण्यासारखं काही शिल्लक ठेवत नाही. कुठल्या कंट्रोलला किती वेळ, कुठे झोप, कुठल्या पिशवीत काय, सगळं घरून ठरलेलं. घट्ट मन तिसऱ्या रात्री कुणाकडेच नसतं, त्यावर भिस्त ठेवू नका.

प्रतिसाद २

मी फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतःही चालवते. वरच्या प्रतिसादात हाताचं बदलायचं काय ते राहिलं, तेवढं लिहिते.

अल्नर नस तळहाताच्या करंगळीकडच्या उशीखालून, एका अरुंद बोगद्यातून जाते. मनगट मागे वाकवून त्या उशीवर तासन् तास भार दिला की ती चेपते. जाड ग्लोव्ह घातल्याने हे सुटतंच असं नाही, पॅड चुकीच्या जागी असेल तर उलट वाढतं. मूळ बघायचं ते हातांवर एवढा भार का येतो. हँडलबार फार लांब किंवा खाली आहे का, सॅडलचं नाक खाली झुकलं आहे का. झुकलं असेल तर तुम्ही सतत पुढे घसरता आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत राहता. पोट-कंबरेचे स्नायू थकले की दुसऱ्या दिवशी हेच होतं, मग फिट कितीही चांगलं असो. तीन वर्षांत शरीर बदलतं, फिट नव्याने कराच. बार टेप दुहेरी करा, आणि घड्याळाला दहा मिनिटांचा गजर लावून दर गजराला हातांची जागा बदला.

मानेकडेही बघा, कारण तुम्ही ‘त्याकडे बघत नाही’ असं लिहिलं आहे. सायकलपटू मायकेल शर्मर यांची मान १९८३ च्या रेस अक्रॉस अमेरिका या अमेरिका ओलांडणाऱ्या सायकल शर्यतीत इतकी थकली की डोकं वर धरवेना. त्यांच्या नावानेच तो त्रास ओळखला जातो. तो आला की झोपूनही लगेच जात नाही. डोकं उचलायला हनुवटीला हाताचा आधार द्यावासा वाटला की राइड संपली.

आणि एक कळकळीचं सांगणं. वेदनाशामक खाऊन पुढे जाऊ नका. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या अंगात पाणी कमी असताना मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि जी खूण तुम्हाला थांबवणार तीच झाकून टाकतात. काळ्या चहासारख्या रंगाची लघवी, छातीत दुखणं, किंवा नुसतं पाणी भरपूर पिऊनही डोकं दुखून बोटं सुजणं आणि गोंधळल्यासारखं होणं, यांपैकी काहीही झालं तर थेट डॉक्टर. शेवटच्या बाबतीत आणखी पाणी पिऊ नका, रक्तातलं सोडियम उतरलेलं असू शकतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. उत्तर द्यायला महिना लागला, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

फिट नव्याने केलं. सॅडलचं नाक खरंच खाली होतं आणि माझ्या ते कधी लक्षातच आलं नव्हतं. हँडलबार दोन सेंटिमीटर वर घेतला, स्टेम (हँडलबार धरून ठेवणारा भाग) आखूड केला. गेल्या रविवारी ३०० झाली. २३० किमीला करंगळीत मुंग्या आल्या तेव्हा पोटात गोळाच आला. हात वर घेतले, झटकले, दहा मिनिटं हलकं चालवलं, आणि गेल्या. प्रत्येक कंट्रोलला कार्डावरची सही मी मुद्दाम सावकाश, पूर्ण नावाची करत होते. शेवटच्या कंट्रोललाही अक्षर नीट आलं.

७१० ला हाताने निर्णय घेतला, हे वाक्य वाचून त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी शांत झोपले.

एक राहिलं. १२०० ला झोप कुठे बसवू? पहिल्या रात्री झोप येत नसते, तरी थांबावं का?

प्रतिसाद १

थांबा. पहिल्या रात्री निदान दीड तास, पाठ टेकून, दिवा बंद करून. झोप लागली नाही तरी उठू नका. दुसऱ्या रात्री तीन तास, आणि ते पहाटेच्या आधी, म्हणजे उजेड होताना रस्त्यावर असाल. तिसरीला जे उरेल ते. डोळे मिटायला लागले तर पुढच्या कंट्रोलची वाट न बघता रस्त्यापासून आत, सुरक्षित जागी सायकल टेकवून वीस मिनिटांचा गजर लावा. सही नीट आल्याचं वाचून फार बरं वाटलं. १२०० नंतर इथेच लिहा, आम्ही वाट बघतो.