टेक्निकलला बाद केलं तर दाद कुठे मागायची? राज्याला खरेदीचा कायदाच नाही का?

नऱ्हेवाला:
मंडळी, नऱ्ह्यात माझं छोटं वर्कशॉप आहे, शाळेची बाकं, लोखंडी कपाटं असली कामं करतो. एका सरकारी कार्यालयाचं बाकांचं टेंडर भरलं होतं, दोन पाकिटं (एक टेक्निकल म्हणजे पात्रतेच्या कागदांचं, दुसरं दराचं), अनामत, सगळं ऑनलाइन, डिजिटल सहीचं टोकन चालेना म्हणून रात्री अकरापर्यंत जागलो ते वेगळंच. आणि टेक्निकललाच बाद. कारण काय, तर 'अनुभव प्रमाणपत्र विहित नमुन्यात नाही'. अहो नमुना टेंडरमध्ये कुठे दिलेलाच नव्हता! तिघांनी भरलेलं, मी गेल्यावर उरले दोन, आणि दोघांचे पत्ते एकाच गल्लीतले. साहेब म्हणाले लेखी द्या, दिलं, आवक नंबर पडला, पुढे शांतता. एक ओळखीचे म्हणतात अपील असतं, दुसरे म्हणतात आपल्याकडे नुसता जीआर आहे. नक्की काय?

पेठेतला_वकील:
दुसरे बरोबर. आपल्याकडे १ डिसेंबर २०१६ च्या जीआरने आलेली खरेदीची नियमपुस्तिका आहे, विधिमंडळाने केलेला कायदा नाही. तमिळनाडूने १९९८ ला केला, कर्नाटकने १९९९ ला, राजस्थानने २०१२ ला. राजस्थानात निर्णय पटला नाही तर १० दिवसांत अपील टाकता येतं, आणि तो कायद्याने दिलेला हक्क आहे, साहेबांच्या मर्जीवर नाही. इथे तुम्ही तक्रार करणार कोणाकडे, तर ज्यांनी बाद केलं त्यांच्याच वरच्याकडे. नाहीतर हायकोर्ट, म्हणजे मुंबईच्या चकरा, आणि सुप्रीम कोर्टाच्या १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालापासून कोर्ट निर्णयापेक्षा निर्णयाची प्रक्रिया बघतं. दोन-तीन लाखांच्या बाकांसाठी कोण जाणार? केंद्राचंही २०१२ चं विधेयक लोकसभा विसर्जित झाली तसं बारगळलं.

हिशोबी_आत्या:
कायदा आला की रामराज्य, असं नको हं. कर्नाटकात ४(जी) नावाचं कलम आहे, सरकारने अधिसूचना काढली की टेंडरशिवाय थेट काम देता येतं, त्यावरून तिथे कायम बोंबाबोंब चालू असते. पळवाट कायद्यातच लिहून ठेवली तर काय उपयोग. आणि टेंडर टाळायला एका खरेदीचे छोटे तुकडे पाडणं कोणत्या जीआरने थांबलंय? तुकडे पाडू नका असं पुस्तिकेत लिहिलेलं असतानाही मर्यादेखालची चार-चार कोटेशनं निघतातच, लेटरहेड वेगळी, टायपिंगच्या चुका मात्र त्याच 😄

स्टोअरवाले_काका:
३१ वर्षं सरकारी स्टोअर सांभाळलं म्हणून सांगतो, रागावू नका. खेळ पाकीट उघडताना होत नाही, त्याच्या कितीतरी आधी होतो. स्पेसिफिकेशन एखाद्याच्या कॅटलॉगवरून उतरवलेलं असतं, बाकाच्या पायाचा पाइप अमुकच गेजचा, रंगाची छटा अमुकच, उलाढालीची अट अशी की गावातला कोणी बसूच नये. तेव्हा प्री-बिडला, म्हणजे टेंडर भरण्याआधीच्या शंकांच्या बैठकीला, जाऊन लेखी हरकत घ्यायची, पण तिथे लहान माणूस येतच नाही, आमच्या वेळी तर खुर्च्या रिकाम्या असायच्या. अनुभव प्रमाणपत्राचा नमुना तिथेच मागितला असतात तर आज लढायला कागद असता. कायदा करायचाच तर त्यात प्री-बिडच्या प्रश्नांची उत्तरं पोर्टलवर टाकणं सक्तीचं करा, आणि बाद केलेल्याला कारण कळवून ठरावीक दिवस थांबल्याशिवाय दुसरं पाकीट उघडायचं नाही असं घाला. नुसतं अपील दिलं आणि तोवर वर्कऑर्डर निघाली तर अपील काय चाटायचंय?

पेठेतला_वकील:
काका, थांबण्याचा मुद्दा एकदम मान्य. नऱ्हेवाले, तुम्ही तूर्त माहिती अधिकारात छाननीचा तुलनात्मक तक्ता आणि टिपणी मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

नऱ्हेवाला:
प्री-बिडचं खरंय काका, गेलो नव्हतो, त्या दिवशी पत्र्याची गाडी यायची होती. अर्ज उद्या टाकतो. पण वर्कऑर्डर निघालीसुद्धा. कसं कळलं माहितीये? ज्याला काम मिळालं त्याचाच काल फोन, त्याच्याकडे वेल्डिंगची सोय नाही, बाकांचे सांगाडे जॉबवर्कवर करून द्याल का म्हणतोय. रेट अजून सांगितला नाही.