मदत हवी आहे: पुण्यात रीफ टँक, चिलर घ्यावा की फॅनवर भागेल?
मंडळी, पुण्यात कोणी रीफ टँकवाले (घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासे आणि प्रवाळ पाळणारे) आहेत का, कोथरूड-सिंहगड रोडकडचे असले तर फारच छान. माझा २०० लिटरचा टँक आहे, क्लाउनफिशची जोडी, थोडे झोअँथस आणि मशरूम (दोन्ही मऊ प्रवाळ, म्हणजे सॉफ्ट कोरल), पण ऊन वाढलं तसं दुपारी पाणी ३१ डिग्रीला जातंय आणि झोअँथस जे मिटून बसतात ते संध्याकाळपर्यंत उघडत नाहीत. वर फॅन लावलेत, त्याने दोनेक डिग्री उतरतं पण पाणी इतकं उडतं की रोज आरओचं पाणी घालावं लागतं, नाहीतर सॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा, घनतेवरून मोजलेला) १.०२५ वरून चढत जाते, मीठ थोडीच उडतंय. तर चिलर (पाणी थंड करणारं मशीन) घ्यायचा की ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारी सोय) लावून फॅनवरच भागवायचं? चिलरचा आवाज, खोलीत सोडलेली गरम हवा, लाईटबिल, हे वापरणाऱ्यानेच सांगा, दुकानदार काय सगळंच घ्या म्हणतो. लाईट गेली तर बॅटरीवरचा एअरपंप पुरतो का?

आणि कोणी स्वतःच्या टँकमधल्या सॉफ्ट कोरलचे फ्रॅग (वाढवायला कापलेले छोटे तुकडे) देत-घेत असेल तर कळवा, येऊन घेऊन जाईन. समुद्रातून काढलेलं मात्र नको हां, दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहेत, उगाच भानगड नको.