नोलन रायनने नक्की कमावलं किती, आणि कशातून?

नवा_टेक्सन

मंडळी, प्रश्न बाळबोध आहे, हसू नका.

आठ महिन्यांपूर्वी ऑस्टिनजवळ राउंड रॉकला आलो. परवा ऑफिसच्या लोकांनी डेल डायमंडवर बेसबॉलची मॅच बघायला नेलं. इथल्या टीमचं नाव राउंड रॉक एक्सप्रेस. मी आपलं सहज विचारलं, एक्सप्रेस का, इथे रेल्वेचं काही आहे का? शेजारी बसलेल्या मॅनेजरने माझ्याकडे असं बघितलं, जसं कोणी शिवाजी पार्कात उभं राहून तेंडुलकर कोण म्हणून विचारावं. मग कळलं की नोलन रायन नावाचा निवृत्त पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, आहे, त्याला 'रायन एक्सप्रेस' म्हणायचे, आणि टीम त्याच्या घरच्यांचीच.

घरी येऊन शोधलं तर प्रत्येक साइटवर त्याची संपत्ती वेगळी. एका ठिकाणचा आकडा दुसऱ्याच्या दुप्पट. माझा प्रश्न एवढाच: नुसता चेंडू फेकून माणूस टीम विकत घेण्याइतका श्रीमंत होतो का? बायको-मुलं काय करतात? जाणकारांनी सांगावं. सोमवारी मॅनेजरसमोर तोंड दाखवायचं आहे.

अर्धाकच्चा

थोडक्यात उत्तर: नुसता फेकून नाही होत. सविस्तर ह्यूस्टनचे काका सांगतील, चहा ठेवा.

ह्यूस्टनकर_काका

चहा ठेवूनच बसलोय.

मी ह्यूस्टनला आलो १९७८ संपता संपता. पाइपलाइनच्या कंपनीत ड्राफ्ट्समन, वर्षाला १७ हजार डॉलर. पुढच्या जुलैत इथून जवळच आल्विन नावाच्या गावात एका दिवसात ४३ इंच पाऊस पडला. मी मुंबईत वाढलेला माणूस, मला पावसाचं कौतुक सांगू नका, पण हे प्रकरण वेगळं होतं. आमच्या साइटवरची पिकअप टपापर्यंत बुडाली. पाणी उतरल्यावर दार उघडलं तर सीटवर बोटभर लांबीचा मासा. आल्विन हे नोलन रायनचं गाव, हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं, कारण पूर सोडला तर तिथले लोक त्याच्याखेरीज दुसऱ्या कशाबद्दल बोलत नव्हते.

आणि त्याच नोव्हेंबरात बातमी आली की ह्यूस्टन ॲस्ट्रोजने त्याला घेतला. चार वर्षं, ४५ लाख डॉलर. वर्षाला दहा लाखांच्या वर जाणारा तो बेसबॉलमधला पहिला माणूस. मी ट्रेसिंग पेपरच्या कोपऱ्यात भागाकार केला: त्याचं एक वर्ष म्हणजे माझी सहासष्ट. शेजारच्या टेबलावरचा टेक्सन म्हणाला, अजून एकदा करून बघ. पुन्हा सहासष्टच आले.

पण तुम्ही त्याच्या आधीची बारा-तेरा वर्षं बघा, सगळी गंमत तिथे आहे. सहा भावंडांत हा शेंडेफळ. वडील तेलकंपनीत नोकरीला, शिवाय 'ह्यूस्टन पोस्ट' पेपरची लाइन. रात्री एक वाजता उठून हा पोरगा पेपरच्या सुरळ्या करायचा. १९६५ मध्ये नवे खेळाडू निवडताना न्यूयॉर्क मेट्स टीमने बाराव्या फेरीत उचलला, म्हणजे फारशी कोणाला आशा नव्हती. १९६७ मध्ये शाळेतल्या मैत्रिणीशी, रूथशी लग्न. त्या वर्षी मोठ्या लीगचा किमान पगार होता ६ हजार डॉलर. दहा हजार झाला तो १९६८ मध्ये, तोही खेळाडूंच्या युनियनने भांडून घेतला म्हणून. सीझन संपला की हा आल्विनला परत येऊन मिळेल ते काम करायचा, लोकांच्या घरी एअर कंडिशनरसुद्धा बसवले आहेत. ताशी शंभर मैलांनी फेकणारा हात!

मेट्सकडे असताना बोटांना फोड यायचे. ट्रेनरने उपाय काय सांगितला, तर काकडीच्या लोणच्याच्या खारात बोटं बुडव. आमच्या हिने हे ऐकलं तेव्हा म्हणाली, कैरीचा खार असता तर दोन मैल आणखी वाढले असते.

न्यूयॉर्क नवरा-बायको दोघांनाही कधी मानवलं नाही. डिसेंबर १९७१ मध्ये मेट्सने जिम फ्रेगोसीच्या बदल्यात त्याला कॅलिफोर्निया एंजल्सला देऊन टाकला, वर आणखी तीन खेळाडू दिले. मेट्सचे लोक आजही या सौद्याचा विषय काढला की गप्प होतात. १९७३ मध्ये त्याने एका सीझनमध्ये ३८३ स्ट्राइकआउट घेतले, म्हणजे तेवढे फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद केले. १९०० नंतरच्या बेसबॉलमधला तो विक्रम अजून तसाच आहे.

मग पैसे का नव्हते? कारण तेव्हा 'रिझर्व्ह क्लॉज' होता. करार संपला तरी खेळाडू क्लबचाच, दुसरीकडे जाता येत नसे. देतील ते घ्या, नाहीतर घरी बसा. १९७५ च्या डिसेंबरात मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोघांच्या प्रकरणात लवादाने ते मोडून काढलं. दोघेही पिचर, हा योगायोग मला आवडतो. त्यानंतर करार संपलेला खेळाडू बाजारात भाव विचारू लागला.

१९७९ मध्ये रायन १६ मॅच जिंकला, १४ हरला. एंजल्सचे जनरल मॅनेजर बझी बावासी म्हणाले, याच्या जागी ८-७ वाले दोन पिचर आणले की झालं. बेरीज बरोबर आहे हो, पण असली बेरीज वाण्याच्या दुकानात शोभते. त्याच वर्षी त्याचा थोरला मुलगा रीड, सात वर्षांचा, गाडीखाली आला होता. मोठी ऑपरेशनं झाली, एक मूत्रपिंड काढावं लागलं. पोरगा वाचला. माणूस घराजवळ का आला, याचं उत्तर शोधताना लोक फक्त ४५ लाखच बघतात.

आकडेमोड

काका, आदर आहे, पण रायनचं जरा जास्तच कौतुक होतं. ३२४ जिंकले तसे २९२ हरलेही. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकदाही नाही. फलंदाजाला फुकट पाठवण्यात, म्हणजे वॉकमध्ये, २,७९५ आकडा. दुसऱ्या नंबरवरचा स्टीव्ह कार्लटन १,८३३ वर आहे. क्रिकेटच्या भाषेत विकेट भरपूर, पण वाइडही तेवढेच. वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, एकच, १९६९ ची, त्यातही सव्वादोन-अडीच इनिंग.

ह्यूस्टनकर_काका

आकडे बरोबर आहेत. वाइड टाकायचा, खरंच टाकायचा. पण १९८७ घ्या. चाळीस वर्षांचा माणूस, सगळ्या नॅशनल लीगमध्ये (मोठ्या लीगच्या दोन गटांपैकी एक) सरासरीने सर्वांत कमी धावा देणारा, सर्वांत जास्त स्ट्राइकआउट घेणारा, आणि नावावर ८ विजय, १६ पराभव! बाकीच्यांनी धावाच केल्या नाहीत तर पिचरने काय स्वतःच बॅट घेऊन पळत सुटायचं? त्यावर मालकाने पुढच्या वर्षी २० टक्के पगार कापायची भाषा केली. मग तो गेला टेक्सास रेंजर्स टीमकडे, आर्लिंग्टनला. ह्यूस्टनमध्ये त्या हिवाळ्यात लोकांची तोंडं बघवत नव्हती. आणि तिथे जाऊन ४४ व्या वर्षी, १ मे १९९१ ला, सातवा नो-हिटर. समोरच्या टीमला सगळ्या मॅचमध्ये एकही हिट नाही. शेवटचा बळी रॉबर्टो अलोमार, ज्याचा बाप एंजल्समध्ये रायनचा सहकारी होता.

डेबिट_क्रेडिट

मी इथे लोकांचे टॅक्स रिटर्न भरते, म्हणून पैशाचं थोडं बोलते.

नवा_टेक्सन, त्या संपत्तीच्या साइट बघूच नका. त्या जाहीर झालेले करार नुसते बेरजेला धरतात. त्यातून फेडरल टॅक्स जातो, एजंटचा वाटा जातो, हे त्यांच्या गावीच नसतं. टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही, हा ह्यूस्टनला येण्याचा चांगलाच फायदा. पण बाहेरच्या राज्यात मॅच असली की तिथल्या कामाच्या दिवसांपुरता टॅक्स ते राज्य मागू शकतं. एका खेळाडूचं रिटर्न म्हणजे डझनभर राज्यांचा गठ्ठा होतो. मी एकदाच एका छोट्या लीगवाल्याचं केलं, पुन्हा नाही.

दुसरं, रेंजर्स टीम २०१० मध्ये दिवाळखोरीच्या लिलावात ५९ कोटी ३० लाख डॉलरला गेली. ती घेणाऱ्या गटात रायन होता. म्हणजे तेवढे पैसे त्याच्या खिशात होते असं नाही. नाव आणि चेहरा त्याचा, मोठी थैली इतरांची. त्याचा खरा पैसा हळूहळू आला: गुरं, गोमांसाचा ब्रँड, आल्विनची बँक, आणि ॲडव्हिल या वेदनाशामक गोळीच्या जाहिराती. बँक २००५ मध्ये विकलीसुद्धा.

काकांनी सांगितलेल्या जुन्या काळाची दुसरी बाजूही आहे. आज मोठ्या लीगमध्ये ४३ दिवस काढले की पेन्शनचा हक्क लागू होतो, दहा वर्षांनी पूर्ण पेन्शन. १९८० च्या आधी चार वर्षं लागायची. साडेतीन वर्षं खेळून खांदा गेलेले कितीतरी पिचर त्यात कोरडे राहिले. रायनसारखा एक, आणि त्याच्या मागे हे.

मुलांचं कोणी सांगितलं नाही अजून.

ह्यूस्टनकर_काका

सांगतो, बाई. तीन मुलं: रीड, रीस आणि वेंडी. गाडीखाली आलेला तो रीड पुढे स्वतः पिचर झाला. १९९१ मध्ये टेक्सास युनिव्हर्सिटीकडून तो रेंजर्सविरुद्ध मैत्रीच्या सामन्यात उतरला, आणि समोर पिचर कोण, तर वडील. बाप जिंकला. बापाने मुद्दाम हरायचं असतं हे त्या घराण्यात माहीतच नाही बहुतेक. राउंड रॉकची टीम २००० मध्ये उभी केली ती रीडने वडिलांना बरोबर घेऊन. रीसही त्याच धंद्यात. रीड पुढे ॲस्ट्रोजचा प्रेसिडेंट झाला. म्हणजे ज्या क्लबने बापाचा पगार कापायला काढला होता, त्याच्याच ऑफिसात मुलगा. अर्थात मालक मधल्या काळात बदलले होते. रूथशी लग्न टिकून आहे.

खेळणं संपलं ते २२ सप्टेंबर १९९३ ला, सिएटलमध्ये. वय ४६. कोपराचा लिगामेंट तुटला आणि तो चालत बाहेर गेला.

नवा_टेक्सन

काका, डेबिट_क्रेडिट, सगळ्यांचे आभार. सोमवारी मॅनेजरला आता मीच प्रश्न विचारणार आहे, फ्रेगोसीचा.

काका, तुम्ही त्याला प्रत्यक्ष बघितलंय?

ह्यूस्टनकर_काका

२६ सप्टेंबर १९८१, ॲस्ट्रोडोम, वरच्या मजल्यावर. पाचवा नो-हिटर, डॉजर्सविरुद्ध. शेवटी डस्टी बेकरने चेंडू तिसऱ्या बेसकडे मारला, आमच्या टीमच्या हाउने उचलून पहिल्याकडे फेकला, आणि माझ्या पुढचा अनोळखी माणूस वळून माझ्या गळ्यात पडला. त्याच्या हातातली बिअर माझ्या शर्टवर. शर्ट हिने शिवलेला, त्यामुळे घरी काय झालं ते लिहीत नाही.

तिकिटाचा तुकडा २०१७ मध्ये हार्वे चक्रीवादळाच्या पुरात गेला, खालच्या कपाटात होता. स्कोअरकार्ड माळ्यावर होतं म्हणून राहिलं. त्याच्या मागच्या बाजूला हिने तूरडाळ, रवा, हिंग अशी यादी लिहून ठेवली आहे.