लाखभर रुपयांत ग्रॅव्हल बाइक : पुण्याच्या रस्त्यांना हवीच का?

पौडफाटा

ग्रॅव्हल बाइक घ्यायचा विचार आहे, म्हणजे रोड बाइकसारखं खाली वळलेलं हँडल पण कच्च्या वाटेलाही चालतील असे रुंद टायर असलेली सायकल. आधी वापर सांगतो, म्हणजे चर्चा भरकटणार नाही. आठवड्यातले तीन-चार दिवस कोथरूड ते हिंजवडी सायकलने. रविवारी पानशेत नाहीतर मुळशी. पण खरी हौस डांबर सोडून आत शिरायची: कालव्याकाठचा मुरमाड रस्ता, धरणामागची खडीची वाट, शेतांमधल्या पाणंदी. सध्या सपाट हँडलची हायब्रिड आहे, ३५ मिमी टायरची. लांब गेलं की तळहात बधिर होतात आणि समोरून वारा सुटला की छाती पुढे करून नुसतं झुंजत राहायचं.

लाखापर्यंत तयारी आहे. सप्टेंबर २०२५मध्ये सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, तेव्हापासून घरचा विरोधही जरा मावळलाय. माझं मत जवळपास ठरलंय: ॲल्युमिनियमची ग्रॅव्हल, ४० मिमी टायर, पुढे एकच चेनरिंग (पायडलजवळचं दातेरी चक्र), म्हणजे वन-बाय. रिव्हॉल्ट, सायलेक्स, ट्रायबन अशा सगळ्या सायकलींची पानं चाळून झाली. पण सोबतचे रोडवाले म्हणतात, ना धड घोडा ना धड गाढव. तुम्हालाही तसंच वाटत असेल तर बिनधास्त सोलून काढा.

डांबरट

सोलतो. स्वतः लिहिलेला वापर परत वाचा. शंभरातले नव्वद किलोमीटर डांबरच आहे. उरलेल्या दहांसाठी नव्वदांवर जड टायर ओढणार? हल्लीच्या एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याच्या, आरामशीर) रोड बाइकमध्ये ३२ मिमी टायर सहज बसतो, काहींत ३५ सुद्धा. कालव्याचा रस्ता कोरडा असताना तेवढ्यावर आरामात निघतो. खडी लागली तर दोन मिनिटं उतरून चालायचं, त्यात काय कमीपणा?

लाखाची ग्रॅव्हल अकरा किलोच्या आसपास भरते. वजनाचं एक वेळ सोडा. गाठीगाठींचा टायर डांबरावर जो घूं घूं आवाज करतो ना, तो तुमच्या पायातूनच निघत असतो. चांदणी चौकातून ग्रुप पिरंगुटकडे सुटला की कळेल.

काळीमाती

'कोरडा असताना' म्हणून डांबरटराव मोकळे झाले, मेख तिथेच आहे. आम्ही फलटणकडचे. पावसाळ्यात काळ्या रानातल्या पाणंदीत शिरून दाखवा. माती टायरला धरते, तिच्यात उसाचं पाचट मिसळतं आणि फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुपाखी नळीच्या) खाली असा गच्च लगदा बसतो की चाक फिरायचंच थांबतं. बाभळीच्या काडीने उकरायचं, वीस पावलं ढकलायची, परत उकरायचं. तिथे टायर ३२चा की ४०चा हा प्रश्नच येत नाही. टायर आणि फ्रेम यांच्यात बोट जाईल एवढी जागा आहे का, एवढंच बघायचं. म्हणून ४५-५० मावेल अशी फ्रेम घ्यायची आणि तिच्यात ४० घालायचा. रोड बाइकमध्ये ३२ "बसतो" म्हणजे कसाबसा बसतो.

दुसरं म्हणजे सराटे. दिवाळीनंतर शेताच्या बांधाला वाळून पडलेले असतात, एका फेरीत टायरला पाच-सहा चिकटतात. ट्यूबलेस (आत ट्यूब नाही, भोक बुजवणारं पातळ सीलंट) केल्याशिवाय इकडे येऊच नका.

चोवीस_इंची

मला एक कळत नाही. पौडफाटांचं दुखणं तळहाताचं आणि औषध लाखाचं? सीटचं नाक खाली झुकलं असेल तर सगळा भार हातावर येतो. ती लेव्हल करा, तळव्याला आधार देणाऱ्या रुंद ग्रिप्स लावा, हँडलच्या टोकांना बार-एन्ड (शिंगांसारखे दांडे) बसवा. दोन हजारांत काम होईल. टायर ३५चे काढून फ्रेममध्ये मावतील तेवढे रुंद घाला. तुमच्याकडे ग्रॅव्हल बाइक तयार, फक्त हँडल वाकडं नाही.

ते वाकडं हँडलही सोसायटीच्या पार्किंगमध्ये मिरवायला. किती जण खरंच खाली, ड्रॉप्समध्ये (हँडलच्या खालच्या वाकड्या भागात) धरून चालवतात?

पौडफाटा

चोवीस_इंची, बार-एन्ड आहेत की. चढाला छान वाटतात. पण बार-एन्ड धरले की बोटं ब्रेकपासून लांब, त्यामुळे गर्दीत आणि उतारावर उपयोग शून्य. ड्रॉप हँडलला हुडवर (ब्रेकच्या वरच्या रबरी पकडीवर) हात ठेवले तरी ब्रेक बोटाखाली असतो, मला तेच हवंय. सीटचं मात्र तपासतो.

फ्लिंटहिल्स

मी कॅन्ससमध्ये असतो, म्हणून दोन शब्द. २००६पासून एम्पोरिया गावातून २०० मैलांची शर्यत निघते, तिचं आताचं नाव अनबाउंड. ग्रॅव्हलचं आजचं खूळ वाढवण्यात तिचा मोठा वाटा. पण इथली ग्रॅव्हल म्हणजे काउंटीने ग्रेडर फिरवून राखलेले रस्ते. शेतांमधून मैलोन्‌मैल सरळ जातात, गाड्याही जातात. वर गारगोटीसारखे धारदार दगड, टायरची कड फाडणारे. लांब घाट नाहीच, नुसते एकामागून एक उंचवटे. तेव्हा इथल्या यूट्यूबवाल्यांचं ऐकून वन-बाय घेऊ नका. इथे ते चालतं. सिंहगडाला दुसऱ्याच गोष्टी लागतात.

हिशेब करून बघा. वन-बायमध्ये पुढे ४० दातांचं चक्र, मागे सर्वांत मोठं ४२ दातांचं: एका पायडल-फेऱ्यात सायकल २.१ मीटर जाते. टू-बायमध्ये (पुढे दोन चेनरिंग) पुढचं लहान ३०, मागे ३४: १.९४ मीटर. मिनिटाला ६० फेरे धरले तर पहिल्यात ताशी साडेसातच्या खाली जाता येत नाही, दुसऱ्यात सातला टिकता येतं.

काळीमाती

अर्ध्या किलोमीटरच्या फरकासाठी पुढचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) बाळगायचा? पहिली माती त्यातच अडकते. एक केबल कमी, एक शिफ्टर कमी, चेन पडायची भीती कमी. फारच कमी गिअर हवा असेल तर पुढे ३८ लावा. माझं मत वन-बायच.

दिवेघाट

फरक सर्वांत खालच्या गिअरमध्ये नाहीच, काळीमाती. फरक पायऱ्यांमध्ये आहे. अकरा गिअरच्या ११-४२ कॅसेटमधल्या (मागच्या चक्रांचा संच) मोठ्या चक्रांचे दात बघा: २४, २८, ३२, ३७, ४२. आणि ११-३४चे: २३, २५, २७, ३०, ३४. पहिलीत चढावर एक गिअर बदलला की पायाची लय तुटते, एक जड आणि पुढचा एकदम हलका. पाच मिनिटांच्या चढाला चालून जातं, दिवसभराच्या घाटांना नाही. मी बीआरएम (ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) करते आणि टू-बायच वापरते.

डांबरट, तुमच्या वेगाच्या मुद्द्यालाही उत्तर तिथेच आहे. २०० किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात. म्हणजे थांबे धरून ताशी पंधराची सरासरी. ४० मिमीच्या टायरवर ती सहज बसते. ग्रुपमागे सुटायचं असेल तर रोड बाइकच घ्यावी, पण पौडफाटांनी ग्रुपचं नाव कुठे काढलंय?

इथे सगळे टायरवर भांडताय, मापाबद्दल एकही जण बोलत नाहीये. माझी उंची पाच फूट दोन. लहान फ्रेममध्ये ७००चं चाक, ४० मिमी टायर आणि वर मडगार्ड बसवला की हँडल वळवताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासतं. सिग्नलला हळू वळताना मी त्यापायी आडवी झाले आहे. दुकानात सायकलवर बसून, पायडल आडवं ठेवून, हँडल पूर्ण वळवून बघा. उंच माणसांना हा त्रास नसतो, म्हणून दुकानदारही सांगत नाहीत. ब्रेकचा लिव्हर बोटांजवळ आणायचा स्क्रू असतो, तो फिरवून घ्या. लहान मापात १६५ मिमीचा क्रँक (पायडलचा दांडा) मिळाला तर उत्तम.

पुढचं सेटिंग, मी करते तसं:

सीटची उंची: टाच पायडलवर ठेवून पायडल तळाला नेलं की पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. मुरमावर जास्त फिरणार असाल तर त्यातून तीन-चार मिमी खाली.

हँडल: नव्या सायकलीला स्टेमखाली (हँडल धरणाऱ्या तुकड्याखाली) स्पेसर, म्हणजे कड्या असतात. दुकानात "स्पोर्टी दिसतं" म्हणून ते काढून फोर्कची नळी कापायला निघतात, कापू देऊ नका. सुरुवातीला हँडल सीटच्या बरोबरीने किंवा इंचभर वर. बाहेरच्या बाजूला पसरलेले ड्रॉप्स असतील तर खडीच्या उतारावर पकड मिळते. चोवीस_इंचींचा प्रश्न रास्त आहे, बहुतेक जण खाली हात नेतच नाहीत. ते हँडल फार खाली लावलेलं असतं म्हणून.

हवा: यावरच सगळी मजा किंवा सगळा त्रास. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला ४० मिमीच्या ट्यूबलेसमध्ये पुढे ३२, मागे ३६ पीएसआयपासून सुरू करावं. ट्यूब असेल तर पाचेक जास्त, नाहीतर खड्ड्यात रिम आपटून ट्यूबला सापाच्या दातासारखी दोन भोकं पडतात. ऑफिसच्या दिवसांत ४५ भरली तरी चालते. पेट्रोलपंपावर "साठ मारा" म्हणून निघालात तर ग्रॅव्हल बाइक घेऊन उपयोग नाही.

डांबरट

दिवेघाट, मापाचं शंभर टक्के मान्य. वेगाचं नाही, पण सोडतो.

ट्यूबलेसवर मात्र बोलणारच. त्यातलं सीलंट आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत वाळतं. ओतायला विसरलात की टायरच्या आत नुसती रबराची साल उरते आणि सराटा लागला की ट्यूबवाल्यापेक्षा वाईट हाल. नवा टायर रिमवर चढवायला साध्या पंपाचा झोत पुरत नाही, कॉम्प्रेसर लागतो. तोही बारीक व्हॉल्वला ॲडॉप्टर असेल तरच. वेल्ह्याच्या पुढे अडकलात तर पंक्चरवाला ट्रकच्या टायरला घालतो ती जाड दोरी घेऊन येईल. ट्यूबमध्ये काय वाईट आहे? दोन सोबत ठेवा, दहा मिनिटांत बदला.

काळीमाती

आमच्या रानात दोन ट्यूबांनी भागत नाही हो. सराटा उपटला की फुस्स करून पांढरं दूध उडतं, चाक फिरवून भोक खाली आणायचं, अर्ध्या मिनिटात बंद. दोर ओढून बसवायचा छोटा किट आणि एक ट्यूब खिशात असली की झालं. सीलंट ओतायची आठवण मोबाइलला लावून ठेवायची, त्यात काय?

चोवीस_इंची

सायकलीसाठी मोबाइलवर आठवण! चालू द्या.

पौडफाटा

बरंच पदरात पडलं. वन-बाय रद्द, टू-बाय घेतो. फ्रेम ४५ मावणारी. ट्यूबलेस चालेल अशी रिम, पण पहिला पावसाळा ट्यूबवरच काढतो, म्हणजे दोन्हीकडच्या शिव्या मिळतील. आता साधारण पंधरा हजार हाताशी उरतात. ते केबलच्या डिस्क ब्रेकऐवजी हायड्रॉलिकला घालू, की डांबरासाठी ३२ मिमी स्लिक (गुळगुळीत टायर) बसवलेला चाकांचा दुसरा जोड करू?

डांबरट

चाकं. शुक्रवारी रात्री बदलायची, शनिवारी रोड बाइक तयार. मी पहिल्यापासून सांगतोय ते तुम्ही आता स्वतःच विचारताय.

दिवेघाट

ब्रेक. पण नंतर बदलू म्हणू नका. ड्रॉप हँडलला हायड्रॉलिक करायचं तर दोन्ही लिव्हरही बदलावे लागतात, पंधरा हजारांत भागणं अवघड. घेतानाच हायड्रॉलिक असलेलं मॉडेल निवडा, भले गिअर एक पायरी खालचे मिळोत. ताम्हिणीच्या उतारावर पावसात केबलचे ब्रेक दाबून दाबून बोटं वळतात, आणि पॅड झिजले की केबल परत आवळत बसायचं.

चाकांच्या दुसऱ्या जोडीला डिस्क आणि कॅसेटही दुसरी लागते, हे डांबरट सांगायला विसरले. शिवाय दोन्हींची डिस्क तंतोतंत एका रेषेत बसली नाही तर दर वेळी कॅलिपर (ब्रेकचे पॅड धरणारा भाग) जुळवायचा, नाहीतर ती घासून किणकिणत राहते. असं शुक्रवारी रात्री कोण करतं? मधे गुळगुळीत आणि कडेला गाठी असलेला ३८ किंवा ४०चा एकच टायर घाला, ऑफिसलाही चालेल आणि पाणंदीतही.

काळीमाती

तो मधे गुळगुळीत टायर घालून पावसाळ्यात फलटणला येणार असाल, तर काडी सोबत आणा.