त्रिवेंद्रमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात कपड्यांचं नक्की काय?

पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन केरळला चाललोय. पद्मनाभस्वामीला पँट शर्ट चालत नाही म्हणे, खरंय का? बायको पंजाबी ड्रेसच घालते, आणि बाबांना गुडघ्यांमुळे धोतर नेसायला त्रास होतो. कोणी जाऊन आलंय का?

खरंय. पुरुषांना मुंडू म्हणजे आपली लुंगीसारखी पांढरी, आणि वर उघडं. बाबांना सांगा धोतरासारखा काष्टा घालायचा नसतो, नुसती कमरेला गुंडाळायची, सोपंय. बायकांना साडी सगळ्यात बरी, नाहीतर ड्रेसवरच मुंडू गुंडाळून सोडतात, बाहेर भाड्याने मिळते पण मी म्हणेन दोन सुती घेऊनच जा, घाईत दुसऱ्याचं नेसलेलं नको वाटतं. मोबाईल आत नेता येत नाही, बाहेर जमा करावा लागतो.

आणि प्लीज दुपारी जाऊ नका, मंदिर बंद असतं, आम्ही आजीला घेऊन उन्हात ताटकळलो होतो, फार वाईट वाटलं. मूर्ती शेषावर झोपलेली, साधारण १८ फुटी, ती तीन दारांतून बघायची. पहिल्यात मुख आणि हाताखालचं शिवलिंग, मधल्यात नाभीतलं कमळ नि ब्रह्मदेव, शेवटी पाय. रांग पुढे ढकलतात, तेव्हा आईबाबांना हे आधीच सांगून ठेवा म्हणजे कुठे काय बघायचं ते कळेल. गंध हातावर वरून टाकतात, स्पर्श न करता, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, तिकडची पद्धतच आहे ती.

खूप आभार, मुंडू आजच बघतो.