अधोलोक म्हणजे नरक नव्हे

नगरकर: "शिओल, हेडीस, गेहेन्ना, सगळ्यांचा अर्थ नरकच, बाकी शब्दांचा कीस," असं काल इथे एकाने लिहिलं. साफ चूक. बायबलमधले हिब्रू शिओल आणि ग्रीक हेडीस म्हणजे मेलेल्यांचं ठिकाण, मराठीत अधोलोक; गेहेन्ना म्हणजे शिक्षेचं ठिकाण, मराठीत नरक. मुलगा योसेफ मेला असं समजून देवाने निवडलेला याकोब म्हणतो, शोक करत मुलाकडे अधोलोकात उतरेन. याकोब काय नरकात निघाला होता? शिओलात चांगले-वाईट सगळेच जातात. मराठी बायबलने अधोलोक आणि नरक वेगळे ठेवलेत ते उगाच नाही.

जुना वाचक: आणि लूककृत शुभवर्तमानाचा 16वा अध्याय? श्रीमंत माणूस अधोलोकातच आहे, जाळात तडफडतोय, जिभेला पाण्याचं बोट मागतोय. सोयीचं तेवढंच वाचायचं का?

नगरकर: तो दाखला आहे, येशूने सांगितलेली बोधकथा. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण 20:14 मध्ये, अधोलोकच अग्नीच्या सरोवरात टाकला जातो. दोन्ही एकच असते तर कशात काय टाकलं?

वाटसरू: गेहेन्ना म्हणजे यरुशलेमबाहेरचा उकिरडा, कचरा कायम जळायचा. म्हणून येशू त्याला न विझणारा अग्नी म्हणतो.

जुना वाचक: पुन्हा तो उकिरडा! दर दुसऱ्या प्रवचनात हेच. किम्ही हे 1200च्या आसपासचे यहुदी भाष्यकार, त्यांच्याआधी याचा लेखी पुरावा नाही. गेहेन्ना म्हणजे हिन्नोमचं खोरं, ते बदनाम झालं तोफेथ या तिथल्या बळीच्या जागेमुळे. तिथे लोक पोटची मुलं आगीत होमत. यिर्मया 7 काढा.

वाटसरू: आमच्या गावाबाहेरचा कचरा डेपो उन्हाळाभर धुमसतो. आईला दमा आहे, खिडकी उघडता येत नाही. ते वचन मला त्या धुरात कळलं.

जुना वाचक: धूर तुमचा खरा. पण त्यावरून पहिल्या शतकातलं यरुशलेम ठरत नाही.

वाटसरू: बरं, किम्हींचं मान्य. पण आवाज खाली ठेवा.

शब्दवेडी: मुळात 'नरक' हाच शब्द अडचणीचा. भागवताच्या पाचव्या स्कंधात 28 नरक आहेत. शिक्षा भोगली की जीव सुटतो. गेहेन्नाला मुदतीचा शब्द कशाला? अरबीने त्याचंच जहन्नम केलं, ते बरं.

नगरकर: मला राग का येतो ते सांगतो. वडील चर्चला जात नसत. दफनाच्या वेळी उपदेशकांनी स्तोत्रातला 'अधोलोक' वाचला आणि म्हणाले, म्हणजे नरक, हे आता तिथेच. आई पुढे कित्येक रात्री झोपली नाही. शब्दांचा कीस म्हणता?

जुना वाचक: असं बोलायला नको होतं. तेवढं तुमचं खरं. लूक 16 मात्र सोडणार नाही.