चुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील भारीच असं नाही
चमचे-काटे घेताना कुणी सांगतं की चुंबक चिकटला नाही म्हणजे चमचे भारी स्टीलचे, पण ते अर्धंच खरं आहे. चमच्यामागे १८/१० असा शिक्का असला तर त्या स्टीलमध्ये १८ टक्के क्रोमियम, १० टक्के निकेल, आणि निकेलमुळे चुंबक धरत नाही हे बरोबर, पण निकेल कमी करून मँगनीज घातलेलं स्वस्तातलं २०० सिरीजचं स्टीलही चुंबकाला दाद देत नाही आणि ते लवकर गंजतं, त्यामुळे मागचा शिक्का बघाच. सुरीला मात्र चुंबक चिकटणारच, धार टिकावी म्हणून तिचं पातं मुद्दाम कडक स्टीलचं करतात. मी तर आधी काट्याच्या दातांमधल्या फटीत बोट फिरवून बघते, तिथे खरखरीत लागलं की पॉलिशमध्ये कामचुकारपणा झालाय हे नक्की, आणि हो, चमच्याची मान अंगठ्याने दाबून बघा, तिथे पातळ असेल तर जरा जोर पडला की वाकलाच समजा.